कोमट पाणी

हारव्हिकेन, २२ सप्टेंबर १९५७

अल्गोट,

गवत पाठवलं आहे. दुधाच्या ट्रकवाल्याकडे पोतं दिलंय, आत आठ वेटोळी आहेत. ऑगस्टमध्ये तळ्याच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभी राहून कापलं, दगडावर बडवून मऊ केलं, ओसरीत वाळवलं. आई गेल्यापासून दर हिवाळ्यात तुझ्या बुटांत उबेला माझंच गवत असतं. यंदा नाही द्यायचं असं ठरवलं होतं, पण विळा हातात आल्यावर हात आपोआप तुझ्या वाट्याचंही कापत गेले. याला माया वगैरे समजू नकोस. सवय आहे.

वर ‘दादा’ लिहिलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. लिहायला घेतलं होतं, हात धजला नाही.

“नवरा कसा आहे?” असं विचारलं की हेल्मर बरा आहे, असं मी लोकांना सांगते. तू लोकांत मोडत नाहीस, म्हणून तुला खरं सांगते. उजव्या पायाला बोटं नाहीत आणि डाव्याचा पुढचा अर्धा भागच नाही. चांभाराने बुटाच्या पुढच्या बाजूला लोकर भरून दिली आहे, ती घालून तो बदकासारखा डुलत चालतो आणि कुणी बघतंय असं वाटलं की थांबून उगाच आभाळाकडे बघतो. लाकडाची स्लेज हाकणं संपलं. दिवसभर स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून कुऱ्हाडीचे दांडे तासतो. ते दांडे तुझ्याच लाकूडतोड्यांच्या टोळीकडे जातात, माहीत आहे ना?

गरम पाण्याला तो शिवत नाही. शनिवारी मी आंघोळीचं पाणी चुलीवर चढवलं की काठी घेऊन अंगणात जातो आणि पाणी फेकून दिल्याशिवाय आत येत नाही. पाय विहिरीच्या पाण्याने धुतो, ऑक्टोबर तोंडावर आलाय तरी. परवा मी म्हटलं, “अरे, हाडं गारठतील.” तर म्हणाला, “गारठू देत. थंडीने माझं काही वाकडं केलं नाही. माझे पाय तुझ्या टबाने खाल्ले.”

हे तो गेले सात महिने म्हणतोय. कुणाकडून शिकला, ते तू मला सांगायचं आहेस.

गवत रोज संध्याकाळी बुटातून काढून चुलीवर वाळव. इतकी वर्षं मुकादमकी करणाऱ्याला हे मी का सांगतेय कोण जाणे.

वाल्बोर्ग


१४ ऑक्टोबर

अल्गोट,

तुझं कार्ड मिळालं. “गवत मिळालं. चांगलं आहे. थंडी सुरू झाली.” सात शब्द. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं त्यात नव्हतं.

तेव्हा फेब्रुवारीतला तो दिवस मीच लिहून काढते. आपल्याला दोघांना एकच दिवस आठवतोय की दोन वेगळे, ते तरी कळेल.

पारा उणे चौतीसवर होता. हेल्मर पहाटेच ओंडक्यांनी भरलेली स्लेज घेऊन तळ्यावर गेला. बर्फावर पाणी चढलं होतं, वरून भुसभुशीत हिमाने झाकलेलं, आपल्याकडे दर हिवाळ्यात कुणा ना कुणाला ते फसवतंच. स्लेज रुतली, तो खाली उतरला, दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत भिजले. तिथून थेट टोळीच्या खोपीत यायला हवं होतं. पण एक खेप राहिली होती आणि तू आदल्या दिवशी म्हणाला होतास की या आठवड्यात जो खेप सोडेल त्याने पुढच्या हिवाळ्यात तोंड दाखवू नये. त्याने खेप पुरी केली. नऊ वाजता आला तेव्हा हसत होता. म्हणाला, “आता दुखत नाहीये, चांगलं वाटतंय.”

माझं धिरडं तव्यातच जळलं. सिस्टर गुनव्होरने चर्चच्या हॉलमधल्या त्या दोन दिवसांच्या प्रथमोपचाराच्या वर्गात आम्हा सगळ्या खोपीतल्या स्वयंपाकिणींना पहिली हीच गोष्ट शिकवली होती. दुखतंय तोवर देवाचे आभार माना, दुखायचं थांबलं की घाबरा. बूट काढला तर बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. मी नखाने टिचकी मारली, लाकडावर मारावी तसा आवाज आला. त्याला काहीच कळलं नाही, तो माझ्याकडे बघून हसतच होता.

तू दारातून ओरडलास, “बर्फ आण, चोळ जोरात!”

“चोळायचं नाही, दादा. आतलं मांस फाटतं. सिस्टरने सांगितलंय.”

“सिस्टरने किती ओंडके तोडलेत? आपले बाप-आजे बर्फच चोळत आले.”

“आणि आपल्या आजोबांच्या हाताला बोटं किती होती?”

मग तू म्हणालास, “तुझा नवरा, तुझी खोपी. कर काय करायचं ते.” हे तुझे शब्द आहेत, मी एकही पदरचा घातलेला नाही.

मी पाणी कोमट केलं. चीज करताना दुधात घालते तो तापमापक घातला, एकोणचाळीस झाल्यावरच त्याचे पाय बुडवले. निवत आलं की काढत होते, ओतत होते. अर्धा तास. तो लाकडी डाव दातात धरून किंचाळत होता, पण मला आनंद होत होता, कारण दुखतंय म्हणजे जिवंत आहे. हळूहळू गुलाबी रंग शेवटच्या बोटापर्यंत उतरला. दहाही बोटांत. अल्गोट, तू वाकून पाहिलंस. तू म्हणालास, “अगं बाई.” हेही तुझेच शब्द.

आणि मग तू बाहेर जाऊन आभाळ बघून आलास.

“वादळ येतंय. उद्या रस्ता बंद. दुपारी एकला हारव्हिकेनहून ट्रक शहरात जातो, तो गाठायचा. हेल्मर, स्की चढव.”

मी म्हटलं, “स्टीनाला जुंप. स्लेजवर निजवून नेऊ.”

“घोडी लाकडाला आहे. बर्फाचा रस्ता आज चांगला आहे, वादळानंतर आठवडा मिळायचा नाही. अकरा किलोमीटर तर आहे, त्याला काय गुडघे नाहीत?”

पाय सुजले होते, बुटात जाईनात. तेव्हा बूट पावाच्या सुरीने चिरला गेला. वरून घोट्याभोवती बुटाच्या विणलेल्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या. आणि तो निघाला. तू पुढे होतास, हे मी नाकारत नाही. वाट तू पाडून दिलीस.

पुढचं मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. तुम्ही पोचलात तेव्हा पाय पुन्हा दगड झाले होते. डॉक्टरने विचारलं, “गरम पाणी कुणी घातलं?” हे एवढंच हेल्मरच्या कानात राहिलं, मग त्याची शुद्ध गेली. डॉक्टरचं दुसरं वाक्य ऐकायला तू एकटा शुद्धीत होतास. डॉक्टर म्हणाला, “आणि ऊब दिल्यावर चालवलं कुणी? गोठलेलेच ठेवून चालला असता तरी बरेचसे वाचले असते. एकदा वितळलेलं पुन्हा गोठलं की संपलं.”

ते वाक्य तू गिळलंस. गावात येऊन पहिलं वाक्य मात्र दुकानापासून चर्चपर्यंत सांगत सुटलास.

मी हेल्मरला सांगून पाहिलंय. तो म्हणतो, “तू तर असं म्हणणारच.” माझं म्हणणं त्याच्या लेखी खोटारडीचं आहे. तुझं तसं नाही. त्याचा अजूनही तुझ्यावर विश्वास आहे. या विश्वासाचं तुला काहीच वाटत नाही का?

म्हणून एकच मागते. टोळी वर जायच्या आधी एकदा घरी ये. हेल्मरच्या समोर बस आणि एक वाक्य बोल, “पाण्याने नाही, मी चालवल्याने गेले.” कॉफी मी ठेवीन. त्यानंतर पुन्हा आयुष्यात तोंड नाही दाखवलंस तरी चालेल.

वाल्बोर्ग


३ नोव्हेंबर

अल्गोट,

काल तू माझ्या दारावरून गेलास. पडदा सरकवून मी पाहिलं. तुझी पावलं फाटकापाशी जरा मंद झाली, तेवढ्यात तुझ्या कानटोपीला अचानक काहीतरी झालं, ती नीट करता करता तू पुढे गेलास. बिचारी टोपी.

हॉलमध्ये माणसं घ्यायला बसला होतास तिथे मी आले, ते नोकरी मागायला नव्हे. स्वयंपाकाला तू बुर्ट्रेस्क गावची कोणी बाई घेतली आहेस ते मला ठाऊक होतं. मी वर्गात मिळालेलं सिस्टर गुनव्होरचं पत्रक घेऊन आले होते. वाटलं, चार माणसांच्या हातात देऊ.

तुझ्या टोळीतल्या फोल्केने मला पाहताच आरोळी ठोकली, “अरे, पाय झाका रे! वाल्बोर्ग आली!”

दुसरा कोणी म्हणाला, “यंदा कुणाचे शिजवणार, वहिनी? मीठ जरा बेताने घाला.”

सगळे हसले. तू हसला नाहीस. तू यादीत तोंड खुपसून बसलास. खरं सांगू? तू हसला असतास तर मला बरं वाटलं असतं.

मग तू उठून दरवर्षीचा नियम सांगितलास. काय तो आवाज! “जोडीदाराचं तोंड बघत राहायचं. गाल, नाक, कान. पांढरा डाग दिसला की त्याच क्षणी हाक द्यायची, ‘पांढरा!’ ज्याला हाक मिळाली त्याने वाद न घालता हातातलं टाकून ऊब घ्यायची. आणि हाक कुणी द्यायची? ज्याला दिसलं त्याने. समोर मुकादम असो नाहीतर पाद्रीबाबा. दिसून गप्प बसला तो माझ्या टोळीत नको.”

टाळ्या पडल्या. मी मागे भिंतीशी उभी होते. तुझ्या टोळीत सगळ्यांत आधी कुणाला काढायला हवं, ते मला माहीत होतं. (हे वाक्य वाचून तुला वाटेल मी तुझ्याबद्दल बोलतेय. वाटू दे.)

पत्रक मी तुझ्या हातात दिलं. तू न वाचता चार घड्या करून आतल्या खिशात घातलंस, उघड्यावर फेकलं नाहीस एवढे उपकार.

वाल्बोर्ग


१९ जानेवारी १९५८

अल्गोट,

तुझ्या टोळीतला सिक्स्टन मंगळवारी दुधाच्या ट्रकमधून खाली आला. त्याचे हात त्याच्या बायकोच्या मफलरमध्ये बांधलेले होते. ट्रक दुरुस्त होईपर्यंत तो तासभर माझ्या स्वयंपाकघरात बसला. हेल्मरने त्याला बशीत कॉफी ओतून दिली आणि बशी त्याच्या ओठांना लावली.

त्याने सगळं सांगितलं. साखळी सोडवताना ओले हातमोजे काढावे लागले, बोटं पांढरी पडली, तो धावत खोपीत आला. तुझ्या नव्या बाईने आणि फोल्केने बर्फ आणून चोळायला घेतलं. उजवा हात, मग डावा. कातडी सोलून बर्फात लाल रंग दिसायला लागला तरी चोळत होते. आता सूज कोपरापर्यंत आहे, बोटांवर काळसर रक्ताचे फोड आहेत. काळे फोड म्हणजे काय, ते मला सिस्टरने शिकवलंय. स्वच्छ पाण्याचा फोड आला तर आशा असते. सिक्स्टनची तीन बोटं तरी जाणार.

मी विचारलं, “आणि मुकादम कुठे होते?”

“दाराशी उभे होते.”

“काय म्हणाले?”

सिक्स्टन विचार करत राहिला. तो सरळ माणूस आहे, कुणावर उगाच आळ घेणार नाही. “काहीच नाही,” म्हणाला. “चोळा म्हणाले नाहीत. चोळू नका म्हणाले नाहीत. एकदा खिशात हात घातला, मग काढला.”

अल्गोट, तुझ्या त्या खिशात काय आहे ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. चार घड्यांचा एक कागद. तो उघडायला तुला तीन बोटांहून जास्त किंमत पडली असती का? पडली असती म्हणा. “कोमट पाणी आणा” असं तू म्हणाला असतास तर फोल्केने विचारलं असतं, “मग हेल्मरचे पाय कशाने गेले?” आणि मग तुला उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा सिक्स्टनची बोटं परवडली.

तू माझा भाऊ आहेस याची मला लाज वाटते. साध्या शब्दांत लिहिलंय, पुन्हा वाचावं लागू नये म्हणून.

सिक्स्टन गेल्यावर हेल्मरने त्याची बशी पुसून ठेवली. मग म्हणाला, “बघ, बर्फाने फक्त बोटंच गेली.”

वा.


९ फेब्रुवारी

हेल्मरने आज विचारलं, “कुणाला लिहीत असतेस इतकं?”

“अल्गोटला.”

“काय लिहितेस?”

“थंडीचं.”

“त्याला लिहून पाय उगवणार आहेत का?” म्हणाला आणि दांडा तासायला लागला. पण आवाजात राग नव्हता. जरा मायेने विचारल्यासारखं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच. एवढंच कळवायचं होतं. तुझं उत्तर येत नाही याची आता सवय झाली आहे.


२ मार्च

दादा,

बरोबर वाचलंस, दादाच लिहिलंय. तुला माफ केलं असं समजू नकोस. आता तुझ्यामाझ्यात काही फरक उरला नाही, आणि बरोबरीच्या माणसाला परक्यासारखं नावाने कशाला हाक मारायची?

दवाखान्यातून नर्सचा फोन दुकानात आला होता. तुझी दहाच्या दहा बोटं राहणार, फोड स्वच्छ आहेत, पंधरा दिवसांत घरी सोडतील. फोड फोडू देऊ नकोस, बोटांत कापूस ठेव, तंबाखू बंद. तंबाखूने रक्त आखडतं. हे तुला सांगायची गरज नाही म्हणा. तुला सगळं पाठ आहे.

रविवारी काय झालं ते तू ग्लानीत होतास म्हणून पूर्ण कळलं नसेल. मी लिहिते.

दुपारची कॉफी ओतत होते. दारावर काहीतरी धडकलं. उघडलं तर तू स्कीसकट उंबऱ्यावर पडलेला, भुवयांवर बर्फ साचलेलं. मी काही विचारायच्या आत तू म्हणालास, “तळ्यावर पाण्यात गेलो. एकटा रस्ता बघायला आलो होतो. दोन्ही पाय.”

“कधी?”

“सकाळी. बूट काढू नकोस अजून. पुढे चालवणार नसलीस तरच काढ.”

माझा हात तुझ्या बुटाच्या पट्टीवर होता, तो तिथेच थांबला. मी म्हटलं, “काय म्हणालास?”

“आता चालायचं नसेल तरच वितळव. मधल्या झोपडीत चूल होती, काड्याही होत्या. मुद्दाम थांबलो नाही. गोठलेलेच ठेवून आलो.” दात वाजत होते, तरी एकेक शब्द तू नीट उच्चारलास. “चोळू नकोस. पाणी कोमट. तो दुधाचा तापमापक घाल. एकोणचाळीस.”

हेल्मर बाकावर बसला होता. त्याच्या हातातला दांडा थांबला होता.

तुझ्या आतल्या खिशातला कागद मी ओले कपडे काढताना पाहिला. घड्यांवर झिजून फाटायला आलाय. किती वेळा वाचलास, दादा? पहिल्यांदा कधी? सिक्स्टनच्या आधी की नंतर? उत्तर नको. कोणतंही उत्तर आलं तरी मला झोप लागणार नाही.

मी पाणी तापवलं. टब आणायला वळले तर हेल्मर उठला. त्या टबाला तो वर्षभर शिवला नव्हता. त्याने तो उचलून तुझ्या खुर्चीपाशी आणून ठेवला. मग पाणीही त्यानेच ओतलं. मी तापमापक धरला आणि तो घागर धरून आकडा वाचत राहिला. निवलं की ओत, निवलं की ओत. तू ओरडत होतास, तो तुझ्या पायांकडे बघत होता. मेणासारखा पांढरा रंग जाऊन गुलाबी यायला लागला. घोट्यापासून बोटांकडे, हळूहळू. शेवटच्या करंगळीत आला तेव्हा हेल्मरने बोट लावून पाहिलं.

मग त्याने तुला विचारलं, “तू झोपडीत का थांबला नाहीस?”

तू डोळे मिटलेस.

“अल्गोट, तुला विचारतोय. काड्या होत्या, चूल होती. का थांबला नाहीस?”

“पाय वितळले असते,” तू म्हणालास. “मग पुढचे सहा किलोमीटर चालता आलं नसतं. पुन्हा गोठले की जातात.”

“जातात?”

“जातात, हेल्मर.” आणि तू रडायला लागलास. पाय दुखत होते म्हणून असेल. मी ते दुसऱ्या कुठल्या खात्यावर धरणार नाही.

हेच ते वाक्य. मी चार महिने भीक मागत होते तेच. तू ते मला दिलं नाहीस, हेल्मरला दिलं नाहीस, सिक्स्टनला दिलं नाहीस. स्वतःच्या पायांना दिलंस. तरी बोललास एकदाचा. त्या क्षणी मला वाटलं, सुटले. आता हेल्मर माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, वाल्बोर्ग, तू खरं सांगत होतीस.

तो वळला. म्हणाला, “हे तुझ्या सिस्टरने शिकवलेलं?”

“हो.”

“पाण्याचं शिकवलं तेव्हाच?”

“हो.”

“त्याच दिवशी? एकाच वर्गात?”

दादा, मी तापमापकाकडे बघत राहिले. टबातलं पाणी निवत चाललं होतं एवढं आठवतं. पत्रकातल्या चौथ्या ओळीत पाणी आहे आणि पाचव्या ओळीत चालवणं. चौथी माहीत आणि पाचवी नाही, असं होत नाही. ते तुलाही कधीच कळलं असणार. तरी माझ्या एवढ्या पत्रांना तू उत्तर देऊन ते माझ्या तोंडावर मारलं नाहीस, याबद्दल आभार मानू की थुंकू?

मी म्हटलं, “हो. त्याच दिवशी.”

“म्हणजे त्या दिवशी खोपीत तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग हाक का दिली नाहीस?”

तुझाच नियम. ज्याला दिसलं त्याने हाक द्यायची, समोर मुकादम असो नाहीतर पाद्रीबाबा. मी घोडी मागितली होती, पण कशासाठी ते सांगितलं नाही. “चालला तर त्याचे पाय जातील,” एवढे पाच शब्द. बर्फाच्या वेळी मी तुझ्याशी एकदा भांडले होते आणि जिंकले होते. दुसऱ्यांदा भांडायला भ्यायले. तू चिडशील, पुढच्या हिवाळ्यात खोपी दुसरीला देशील. आणि मनात म्हटलं, सिस्टर गुनव्होर तरी देव आहे का, चुकतही असेल. मी स्वतःला हे समजावत होते आणि माझे हात काम करत होते.

ऑक्टोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं ना, बूट चिरला गेला, पट्ट्या गुंडाळल्या गेल्या? कुणी चिरला, कुणी गुंडाळल्या? तू तर बाहेर स्की मांडत होतास.

हेल्मर म्हणाला, “पट्ट्या तू बांधल्यास. लग्नाआधी तूच विणलेल्या, लाल-पिवळ्या. जमिनीवर बसून बांधत होतीस, गाठ टोचू नये म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधलीस. मी दवाखान्यात तेच आठवायचो. वाटायचं, पाण्यात तिची चूक झाली, पण माया किती आहे हिची.”

मग ट्रक आला, तुला नेलं.

आता माझं एक मागणं आहे आणि यावेळी भीक नाही. बरा झालास की टोळीसमोर उभा राहा आणि कागद वाचून दाखव, चौथी ओळ आणि पाचवीही. फोल्के विचारेल, मग हेल्मरचे पाय कशाने गेले? तेव्हा सांग, अल्गोटने चालवलं, वाल्बोर्गने पट्ट्या बांधल्या, दोघांनाही दिसत होतं. माझं नाव गाळू नकोस. बहीण म्हणून तर मुळीच गाळू नकोस.

घरात सगळं ठीक आहे. हेल्मर आता गरम पाण्याला भीत नाही. काल शनिवारी त्याने स्वतः पाणी तापवलं, स्वतः तापमापक घातला, टब बाकाशी ओढला आणि उरलेले पाय त्यात बुडवून बसला. बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडावरचा ताण गेला, डोळे मिटले. मी पुसायला टॉवेल घेऊन वाकले.

“तू राहू दे,” म्हणाला. “मी पुसतो.”

गवत ऑगस्टमध्ये पाठवीन.

वाल्बोर्ग